पहिलं वर्ष

लेकीचा पहिला वाढदिवस आम्ही परसातच केला. फणसाखाली सतरंज्या, शेजारपाजारची मुलं, केक आणि गुळाचा शिरा. मेणबत्ती विझवायला आजेसासूबाईंनी नको म्हटलं. निरांजन लावून औक्षण केलं. त्यांची दोन मुलं वर्षाच्या आतच गेली होती. १९७१ साली भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ बाळं पहिल्या वाढदिवसापर्यंत पोचत नसत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. मधल्या काळात लसी आल्या, जुलाबावर मीठसाखरेचं पाणी आलं, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. हे सगळं त्यांच्या घरी उशिरा पोचलं. लेकीला शिऱ्याचा घास भरवताना त्यांनी त्या दोघांची नावं घेतली. ती मी पहिल्यांदाच ऐकली.