भिंतीच्या कलानं

राहुरीतल्या जुन्या विटांच्या घराची खिडकी बदलायची म्हटली, की पहिली चौकशी सेक्शनची होते. पाऊण इंची की एक इंची, पांढरा की लाकडी रंगाचा, अॅल्युमिनियम की यूपीव्हीसी. माझ्या लेखी हे प्रश्न पुष्कळ नंतरचे. आधी ठरवायचं ते एवढंच, की जुनी चौकट काढायची की ठेवायची. आणि लाकूड बऱ्यापैकी शाबूत असेल तर माझं मत पक्कं आहे: चौकटीला धक्का लावू नका, फक्त झडपा बदला. हे ऐकून मालकाचा चेहरा पडतो. मिस्त्री काम टाळतोय असंच त्याला वाटतं. म्हणून कारण सविस्तर सांगायला हवं.

ते कारण पायाखालच्या मातीत आहे. मुळेकाठची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वैशाखात मनगट जाईल अशी भेगाळते. हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, पाऊस बेताचा; पण मुळा धरणाचं पाणी कालव्यांनी शिवारात आलं आणि गावाच्या कडेच्या घरांचं गणित बदललं. घराच्या एका अंगाला उसाचा पाट, दुसऱ्या अंगाला फुफाटा. एक कोपरा ओलाव्यानं उचलतो, दुसरा सुकून बसतो. चौदा-अठरा इंची भिंत मातीत किंवा चुन्यात बांधलेली असेल, तर ती हे सगळं बारीक बारीक चिरांमध्ये वाटून घेते. एखादी चीर मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढते, कारण भिंत तिथंच सर्वांत दुबळी असते. अशा खिडकीला टेप लावून बघा: वर, मध्ये आणि खाली अशी रुंदीची तीन मापं, मग दोन्ही कर्ण. कर्णांत अर्ध्या इंचाचा फरक निघाला तर नवल वाटून घेऊ नये. ओळंबा सोडला की चौकटसुद्धा भिंतीबरोबर झुकलेली दिसते. ती वाकडी झालेली आहे, पण सुटलेली नाही.

सागवानी चौकटीची खुबी हीच. तिच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांची टोकं दोन्ही बाजूंना विटांमध्ये शिरलेली असतात आणि गज चौकटीतच ओवलेले असतात. भिंत कलली की चौकट थोडी कलते, झडप घासायला लागते. मग सुतार झडप उतरवतो, घासलेल्या कडेवर रंधा मारतो, बिजागरी दोन सूत सरकवतो आणि खिडकी पुढच्या काही वर्षांसाठी मोकळी होते. अॅल्युमिनियमला रंधा मारता येत नाही. त्याला चारही कोपरे काटकोनात लागतात. चौकोन सुटला की रोलर एका टोकाला दाबला जातो, लॉक जुळेनासं होतं आणि दोष ‘फिटिंगवाल्या’वर जातो. खरं तर हलणाऱ्या भिंतीत न हलणारी वस्तू बसवलेली असते.

चौकट काढताना काय होतं तेही बघू. विटांत शिरलेली टोकं छिन्नी-हातोड्यानं मोकळी करावी लागतात. प्रत्येक ठोक्याचा हादरा मातीच्या सांध्यांना बसतो. वरच्या विटा चौकटीच्या भरवशावर असतील तर त्या खाली सरकतात. पडलेल्या खिंडारात सिमेंटचा कडक माल भरला जातो. तो विटेपेक्षा टणक, त्यामुळे पुढची चीर त्याच्या कडेनं पडते आणि वळवाच्या तिरक्या पावसाचं पाणी तिथूनच आत येतं. धातूचा स्वभाव वेगळाच. सव्वा मीटर लांबीची अॅल्युमिनियमची पट्टी, थंडीतली पहाट आणि उन्हाळ्यात तापलेली दुपार यांतला चाळीस अंशांचा फरक धरला, तर सुमारे १ मिलिमीटरनं लांब होते. यूपीव्हीसी त्याच्या दुपटीहून जास्त. फट न ठेवता सिमेंटनं गच्च बसवलेली खिडकी हा मिलिमीटर कुठं जिरवणार?

आता आक्षेप. लाकूड पावसाळ्यात फुगतं, खरंच आहे. पण बहुतेक वेळा ते फुगतं कारण झडपेच्या खालच्या कडेला कधीच रंग लागलेला नसतो. वरून तीन हात आणि जिथून पाणी शोषलं जातं ती कड कोरडी. झडप उतरवून ती कड रंगवली की निम्मी तक्रार मिटते. धूळ आणि काजळी आत येते, हा दुसरा आक्षेप. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला धूळ कायमचीच, गळीत हंगामात काजळी वरून पडणारी. पण सरकत्या खिडकीच्या पट्ट्यांत जागा राहतेच. रबर लावून दाबून बंद होणारी झडप धूळ जास्त अडवते. शिवाय धूळ खालच्या ट्रॅकमध्ये साचून पाणी जायची भोकं बुजवते आणि पहिल्याच पावसात ट्रॅक भरून आतल्या बाजूला ओसंडतो. हवेचा हिशेबही सांगतो. राष्ट्रीय इमारत संहिता कोरड्या-उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश खिडकी मागते. दहा बाय बाराच्या खोलीला तीन बाय चारची जुनी खिडकी त्यात नेमकी बसते. तिथं सरकती लावली की एका वेळी उघडते ती निम्मीच, सहा चौरस फूट. संहिता सगळं भोक मोजते, एप्रिलचा वारा मात्र उघडा भाग मोजतो.

डासांच्या जाळीसाठी तिसरा ट्रॅक सोयीचा, हे कबूल. पण झडपा आत उघडत असतील तर गजांच्या बाहेरून स्क्रूवर काढता येणारी जाळी बसते. पैशाच्या मुद्द्यावर मी फार भांडत नाही. चांगला सुतार मिळणं अवघड झालंय आणि त्याची मजुरी सेक्शनवाल्याच्या वरचढ पडते. पलंग खिडकीला टेकलेला असेल, झडप फिरायला जागाच नसेल, तर सरकती लावावी. आणि अॅल्युमिनियमच हवं असेल तर बिजागरीच्या झडपा जुन्या चौकटीच्या आत बसवाव्यात. इंच-दीड इंच उजेड जातो, भिंत मात्र वाचते.

वाळवीपुढं हट्ट चालत नाही. ती भिंतीकडच्या बाजूनं खाते, समोरचा रंग तसाच चकचकीत राहतो. म्हणून खालच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. दोन बोटं आत गेला तर नुसता तेवढा तुकडा कापून नवा सांधता येतो. सगळीच पोकळ असेल तर काढावी, पण वरच्या विटांना टेकू देऊन, उभ्या पट्ट्या मधून करवतीनं कापून, तुकड्या-तुकड्यानं. सुटलेल्या विटा मूळच्याच मालात बसवाव्यात. नवी खिडकी सर्वांत अरुंद मापापेक्षाही लहान करावी, चारही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर मोकळे ठेवून बाहेरून सिलिकॉन भरावं आणि खालच्या फरशीला बाहेर उतार द्यावा. माप वैशाखात घेतलं आणि खिडकी तयार होऊन भाद्रपदात आली, तर टेम्पोतून उतरवायच्या आधी तिन्ही रुंद्या आणि दोन्ही कर्ण पुन्हा मोजावेत. मधल्या काळात माती पाणी प्यायलेली असते.