नारळीकर सरांची सही

२० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले. मी कॉमर्सवाला, मला विश्वनिर्मितीतलं काय कळणार? पण आम्हा इंदूरकरांना ते आपलेच वाटायचे. जन्म कोल्हापूरचा, पण वाढले बनारसला; वडील तिथं हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. बाहेर हिंदी, घरात मराठी, अगदी आपल्यासारखं.

केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम केलं, तरी मराठी सुटली नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावानं. आपलीच आद्याक्षरं उलटी केली! नाव बघून कुणी झुकतं माप देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालंच.

माझं आयुष्य बँकेत सह्या तपासण्यात गेलं. सरांकडे मुलांनी सही मागितली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. सही यायची ती उत्तराखाली.

परवा नात म्हणाली, "आजोबा, रात्री आसमान काळं का असतं?" म्हटलं, लिहून काढ बरं, मराठीत. अर्धा तास खपून लिहिलंन. उत्तर पाठवायला आता सर नाहीत. त्यांची पुस्तकं कपाटातून काढलीत. आम्ही दोघं मिळून शोधतोय.