सात गोल

माझ्या मोबाइलमध्ये एक फोटो आहे. चार डाळिंबं आणि त्यांच्यावर लाल रंगानं काढलेले सात गोल. फोटो मी काढलाय. गोल काढले कलकत्त्याकडच्या एका व्यापाऱ्यानं आणि फोटो मलाच परत पाठवला. खाली तीन शब्द होते, ‘दाग है भाई.’

आमचा मळा सांगोल्याहून महूदकडं जाताना लागतो. तीन एकर डाळिंब, सगळा भगवा वाण. वडिलांच्या वेळी गणेश होता. त्याचे दाणे फिके गुलाबी, बी मऊ, खायला गोड, पण आजच्या मोबाइलपुढं तो अगदीच अशक्त दिसला असता. ते जाऊ दे. २०२० साली किसान रेल सुरू झाली आणि २८ डिसेंबरला शंभरावी गाडी आमच्या सांगोल्याहूनच बंगालमधल्या शालिमारला सुटली. पंतप्रधानांनी दिल्लीत बसून झेंडा दाखवला. भाड्यात निम्मी सूट होती. दोन हजार किलोमीटरांपलीकडचा व्यापारी अचानक शेजारच्या गावातला वाटायला लागला. पण तो बांधावर येणार नव्हता. तो म्हणायचा, फोटो पाठव.

तोवर मी फोटो काढला होता तो लग्नाकार्यात, नाहीतर विम्यासाठी मेलेल्या म्हशीचा. पहिल्या दिवशी भर दुपारी निळ्या ताडपत्रीवर माल ओतला आणि काढला फोटो. व्यापारी म्हणाला, माल काळा दिसतोय. संध्याकाळी शेडमध्ये ट्यूबखाली काढला, तर फळं शिळ्या वांग्यांसारखी आली. मग रात्री बसून व्हिडिओ पाहिले. त्यात एक गोरीपान बाई टोमॅटोवर पाण्याचे थेंब उडवत होती. थेंब असले की फळ ताजं दिसतं म्हणे. सकाळी मी इस्त्रीची पाण्याची बाटली घेऊन बागेत. आई गवत काढत होती. म्हणाली, ‘आरं, आंघोळ घालून फोटू काढायला ती काय नवरी हाय व्हय?’ मी दुर्लक्ष केलं. फांदीखाली चार फळं मांडली, पाणी मारलं, फोटो काढला. इतका सुंदर फोटो मी जन्मात काढला नव्हता.

अर्ध्या तासात सात गोल आले.

तेल्या काय चीज आहे ते डाळिंबवाल्यालाच विचारा. आधी सालीवर पाणी भरल्यासारखा, तेलकट, गडद ठिपका उठतो. मग तो वाढतो, मधोमध चिरतो आणि फळ गेलं. त्या ऑक्टोबरात पावसानं आमच्या भागाला असं झोडपलं होतं की तेल्यानं बागाच्या बागा संपल्या होत्या. सांगोल्याचा माल म्हटलं की आधी तेल्याच शोधायचा, ही त्या व्यापाऱ्याची रीत मी समजू शकतो. आणि मी काय केलं होतं? चांगल्या फळावर पाण्याचे तेलकट दिसणारे ठिपके स्वतःच्या हातानं उडवले होते, वर डाळिंबाच्या बारीक पानांची सावली पाडली होती. म्हणजे नसलेला रोग मीच रंगवून दाखवला.

मी फोन केला. तो थेंब आहे, म्हटलं. तो म्हणाला, थेंब लाल असतो का? तीच चार फळं पंच्यानं पुसली आणि व्हिडिओ काढून पाठवला. म्हणाला, ही दुसरी फळं. आता यावर माणूस काय बोलणार? फळ काही सही करून देत नाही. देठं दाखवली, त्यातलं एक फळ जरा चपटं होतं ते दाखवलं, पहिल्या फोटोतही चपटं आहे बघ म्हटलं. तो म्हणाला, चपटी फळं भरपूर असतात. आदल्या रात्री किलोला ९५ ठरला होता, तो ६० वर आला, म्हणे डागी मालाचा हाच भाव. एकशेचाळीस कॅरेट भरून शेडमध्ये उभी होती. तोडलेला माल थांबत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ‘ठीक आहे, नको’ म्हणून मी फोन ठेवला. माल लिलावात घातला, तिथं ६८ मिळाले. घरी येऊन हिशेब केला आणि जेवलो नाही. मला वाटतं त्याला थेंब दिसले होते. त्याला फक्त निमित्त हवं होतं आणि ते मीच सजवून पाठवलं होतं. आजही पाण्याची बाटली दिसली की माझं टाळकं फिरतं.

त्यानंतर मात्र मी फोटो दिसेल त्याला दाखवत सुटलो. पुण्यात शिकणारी पुतणी म्हणाली, काका, यात माल कुठाय, नुसता तुमचा पाय दिसतोय. खरंच दिसत होता. पण खरी शाळा घेतली ती लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओवाल्यानं. फोटो बघून तो म्हणाला, ‘लाल शालूचं हेच दुखणं. उजेड जास्त झाला की घड्या मरतात, नुसता लाल गोळा उरतो.’ मोबाइलवर फळावर बोट टेकवायचं आणि उजेड खाली ओढायचा, एवढंच त्यानं शिकवलं. लगेच सालीवरचे बारीक ठिपके दिसले, मुकुटाच्या कडा दिसल्या. भगव्याची साल तुकतुकीत असते. उन्हात तिच्यावर जो पांढरा झगझगीत पट्टा येतो, तो फोटोत थेट उन्हाच्या चट्ट्यासारखा दिसतो. त्यावर तो म्हणाला, आम्ही पांढरी छत्री लावतो. छत्री कशाला? ऊन लागू नये म्हणून झाडांवर घालतो तो पांढरा कपडा बागेत पसरलेलाच होता. त्याच्याखाली सकाळी नऊला फळ ठेवलं की उजेड दुधासारखा पसरतो. ज्याच्याकडं तो कपडा आहे त्यानं वेगळ्या लायटी घेऊ नयेत, माझं स्पष्ट मत आहे. आणि रंग वाढवायची ती बटणं असतात त्यांना हातही लावू नये. भगवा मुळात कमी लाल आहे का?

फोडलेल्या फळाची अक्कल आईची. मी सुरीनं मधोमध कापायचो, दाणे चिरडायचे, रस सगळीकडं. आईनं मुकुटाकडची चकती काढली, सालीवर शिरेशिरेनं चिरा मारल्या आणि हातानं फळ उकललं. एक दाणा फुटला नाही. मी म्हटलं, हात काढ. पुतणी म्हणाली, राहू द्या, हातामुळं फळ केवढं ते कळतं. पुढच्या गिऱ्हाइकानं तर सांगितलं, हात नको, काट्यावर ठेव आणि आकडा दिसू दे. आता कुणाचं ऐकायचं? मी दोन्ही पाठवायला लागलो.

फोटो सुधारले, हे खरं. भाव वाढला का? एकदा वाढला. दुसऱ्यांदा एकजण म्हणाला, एवढा चांगला फोटो म्हणजे माल निवडून मांडलाय. तेव्हापासून कॅरेटातला वरचा थर काढून मधल्या थराचा फोटो पाठवतो, त्यात एखादं वेडंवाकडं फळ मुद्दाम राहू देतो. म्हणजे आधी खोटे थेंब, आता खरं व्यंग, पण मांडलेलंच. प्रामाणिकपणा म्हणायचं का याला, मला सांगता येत नाही.

पुढं खोडकिडीनं सांगोल्यातल्या कितीतरी बागा उपटायला लावल्या. आमचीही एक एकर गेली. खोडातली टाचणीएवढी भोकं दाखवायची तेव्हा पांढरा कपडा कामाचा नव्हता, तिथं तिरपं कडक ऊनच लागलं. ते फोटो पहिल्याच झटक्याला साधले. बघणाऱ्यानं एक शब्द वाकडा काढला नाही.

सात गोलांचा फोटो मी पुसलेला नाही. मध्यंतरी नवा, मोठ्या पडद्याचा मोबाइल घेतला. रात्री तो फोटो ताणून ताणून बघितला. सहा गोलांत थेंब आहेत, त्यांच्यात आभाळाचा पांढरा कण चमकतोय. सातवा गोल चपट्या फळावर, देठाजवळ. त्यात कण नाही. सावलीही तिथं पोचत नाही. आईला दाखवला. तिनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि मोबाइल परत दिला. म्हणाली, ‘ते फळ आपण घरी खाल्लं, न्हाय का?’