मांडव्याचा मुक्काम आणि नांगराची साखळी

अलिबाग तालुक्यातील मांडवा हे बंदर मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियासमोर, खाडीच्या पलीकडच्या काठावर आहे. पावसाळा सरला की शिडाच्या होड्या सुट्टीच्या दिवशी येथे येतात, शिडे उतरवून नांगर टाकतात आणि रात्रभर थांबतात. होडीवर जेवण, भोवती शांत पाणी, संध्याकाळी उतरणारा खारा वारा, एवढ्यासाठीच हा मुक्काम असतो.

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या शेतकरी घरातून आलेल्या पाहुण्याला अशा मुक्कामात पहिले आश्चर्य वाटते ते नांगराचे. तिथल्या वेणा नदीकाठच्या काळ्या रानात नांगर ओढला की फाळ जमिनीत शिरतो आणि तास पडत जातो. होडीचा नांगरही आडवा ओढला गेला तरच चिखलात शिरतो. तो नुसत्या वजनाने होडी धरत नाही, रुतून धरतो. जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने 1933 मध्ये बनवलेल्या नांगराला तर नांगराच्या फाळाचाच आकार आहे. ओढ वरच्या दिशेने लागली की तो उखडतो. म्हणून साखळी लांब सोडावी लागते, पाण्याची खोली आणि नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) उंची यांच्या बेरजेच्या निदान पाचपट.

ही खोली भरतीची धरायची असते. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक अर्ध्या मीटरच्या आतच असतो, त्यामुळे तिथे हिशेब एकदाच करून भागते. मुंबईच्या खाडीत उधाणाला पाणी चार मीटर किंवा त्याहूनही अधिक चढते. ओहोटीला चार मीटर पाणी आणि एक मीटर नाळ धरून कोणी 25 मीटर साखळी सोडली, तर भरतीला तीच साखळी नऊ मीटरला जेमतेम पावणेतीनपट उरते. लागणार होती 45 मीटर.

एका पौर्णिमेच्या उधाणात नेमके हेच घडले. सूर्यास्ताच्या सुमारास, ओहोटीच्या वेळी, एक मोठी यांत्रिक बोट आली आणि आधीपासून नांगरलेल्या शिडाच्या होडीच्या वाऱ्याकडच्या बाजूला, अगदी जवळ, आखूड साखळीवर थांबली. आधी आलेल्याला त्याची फिरण्याची जागा मोकळी ठेवावी, नंतर येणाऱ्याने दूर राहावे, हा समुद्रावरचा जुना रिवाज. होडीवरून हाका मारून सांगितले, तरी बोट हलली नाही. मध्यरात्रीनंतर पाणी चढले, बोटीचा नांगर सुटला आणि ती चांदण्यात सरकत होडीवर येऊ लागली. तिच्यावर पहाऱ्याला कोणीही नव्हते. विजेरीचे झोत, आरडाओरडा, कशानेही जाग आली नाही. शेवटी ज्यांचा नांगर घट्ट होता त्यांनीच साखळी ओढून घेतली, इंजिन सुरू केले आणि आपली जागा सोडली. दोन्ही बोटींमध्ये हातभर पाणी उरले होते. सकाळी बोटीवरून दिलगिरीचा शब्दही आला नाही. हा अन्याय लहान नाही. गर्दीच्या मुक्कामात रात्री आळीपाळीने एकाने जागे राहिलेच पाहिजे, आणि ती सक्ती व्हायला हवी.

तरीही त्या रात्रीचा उरलेला भाग, नव्या जागी 50 मीटर साखळीवर, साऱ्या मुक्कामातला सर्वांत सुखाचा ठरला. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटला, तसे होडीने नाळ किनाऱ्याकडे वळवली.

नांगर उचलताना होडी साखळी गोळा करत थेट नांगराच्या डोक्यावर नेतात. आता ओढ सरळ वर लागते आणि रात्री जे घातक ठरले असते तेच कामी येते: नांगर सुटतो. साखळीबरोबर वर आलेला काळा, चिकट चिखल बादलीभर पाण्याने धुऊन मगच साखळी आत घेतात.