टाकी भरलेली, दिवा पेटलेला

मोटारीच्या दर्शनी पट्टीवरील दिव्यांत सर्वांत दुर्लक्षित दिवा म्हणजे काचेवर कारंजे उडत असल्याचे चिन्ह असलेला पिवळा दिवा. समोरची काच धुण्याच्या टाकीतील पाणी संपत आले, एवढेच तो सांगतो. लाल दिवा लागला तर गाडी थांबवावी, पिवळा लागला तर सवडीने पाहावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. ही सवड बहुतेकांना मिळतच नाही.

मुलुंडच्या एका कुटुंबात हा दिवा पर्युषणापासून पेटलेला होता आणि टाकी मात्र काठोकाठ भरलेली होती. कुटुंब मूळचे सांगलीकडचे. वडिलांना सारे घर अण्णा म्हणते. गाडी चालवतो तो थोरला मुलगा. चातुर्मास संपून साधू-साध्वींचे विहार सुरू झाले, की तो रविवारी पहाटे घोडबंदर रस्त्याने मुंबई-अहमदाबाद महामार्गावर विहारसेवेसाठी जातो. रस्त्याच्या कडेने अनवाणी चालणाऱ्या श्वेतवस्त्रधारी साध्वी, शेजारून जाणारे ट्रक, त्यांनी उडवलेली धूळ आणि चिखल! मळलेल्या काचेवर समोरच्या दिव्यांचा झोत पसरला, की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. विहारात असे अपघाती मृत्यू समाजाने अनेकदा पाहिले आहेत.

गॅरेजवाल्याचा उपाय दोन मिनिटांचा होता. "काका, वायर कापून टाकू. दिवा कायमचा बंद."

मुलाला तो पटला. "अण्णा, टाकी मी स्वतः भरतो. दिव्याची गरजच काय?"

"तू भरतोस हे खरे," अण्णा म्हणाले, "पण उद्या धाकटा गाडी घेऊन गेला तर त्याला कोण सांगणार?"

वायर वाचली. मग शोध सुरू झाला. या टाकीत एक छोटा तरंगता गोळा असतो व त्यात लोहचुंबक. पाणी उतरले की गोळा खाली येतो आणि चुंबकाच्या ओढीने बंद नळीतील दोन पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटून दिव्याचे मंडल पूर्ण होते. ही चुंबकी कळ 1936 साली अमेरिकेच्या बेल लॅबोरेटरीजमधील वॉल्टर एलवुड यांनी शोधली. काही गाड्यांत गोळ्याऐवजी पाण्यात बुडालेल्या दोन पिनाच असतात. तेथे डिस्टिल्ड वॉटर भरले तर ते वीज जवळजवळ वाहत नसल्याने भरलेली टाकीही रिकामी ठरते.

पहिला संशय उंदरांवर होता, कारण पावसाळ्यात उपनगरांतील गाड्यांच्या वायरी ते हमखास कुरतडतात. टाकीजवळचा प्लग काढला. दिवा विझला. म्हणजे वायरिंग निर्दोष. ते कोठे जोडले गेले असते तर प्लग काढूनही दिवा पेटलेलाच राहिला असता. (काही गाड्यांत कळ उलटी चालते, तेथे हाच निष्कर्ष उलटा निघतो.) प्लगच्या पिनाही स्वच्छ होत्या. दोष टाकीच्या आत होता.

तो निघाला शेवाळाचा. पावसाळाभर गाडी उभी, टाकी अर्धपारदर्शक, आत बोअरवेलचे न गाळलेले पाणी. शेवाळाला आणखी काय हवे? त्याच्या बुळबुळीत थराने गोळा तळाशीच धरून ठेवला होता. गॅरेजवाल्याने ॲसिड सुचवले. अण्णांनी ठाम नकार दिला. शेवाळ अनंतकाय, एका दिव्यासाठी एवढी विराधना कशाला? गाळलेल्या पाण्याची जिवाणी मूळ जलाशयात परत सोडण्याची रीत झाकलेल्या बोअरवेलपुढे चालणारी नव्हती. म्हणून टाकीतले पाणी बादलीत काढून सोसायटीच्या बागेतील सावलीच्या ओल्या मातीत हलकेच सोडले. त्यातही हिंसा टळली असे नाही, ती कमी झाली इतकेच. गोळा मऊ कापडाने पुसला. प्लग जोडून तो बोटाने वर उचलला, तेव्हा काही क्षणांनी दिवा विझला. पाणी हेलकावताच दिवा लुकलुकू नये म्हणून हा विलंब बऱ्याच गाड्यांत मुद्दाम ठेवलेला असतो.

आता टाकीत गाळलेले पाणी पडते, तेही थोडे आणि वरचेवर, म्हणजे ते साचून राहत नाही. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी आधीच वापरून रिकामी केली जाते, आणि तेवढे दिवस दिवा खुशाल जळतो.

पुढच्या रविवारी शिरसाडहून परतताना दिवा पुन्हा लागला. मुलाने गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडले. टाकी खरोखरच रिकामी होती.