बेंगेरीचे निशाण

बेळगावाहून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशास आधी धारवाड लागते, आणि तेथून सुमारे २० किलोमीटरांवर हुबळी. १९६२ साली दोहोंची एकच महानगरपालिका झाली, तरी ह्या जुळ्या भावंडांचे स्वभाव निराळेच राहिले आहेत. धारवाड हे मलनाडाच्या उंबरठ्यावरचे, झाडीचे, विद्यालयांचे, गवयांचे व पेढ्यांचे गाव. हुबळी काळ्या जमिनीचे, कापसाचे, रेल्वेचे व व्यापाराचे. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यातच होता. कन्नड कवी बेंद्रे ह्यांच्या घरची भाषा मराठी होती, आणि आपले कथाकार जी. ए. कुलकर्णी ह्यांनी धारवाडातच अध्यापन केले. त्यामुळे मराठी माणसास येथे परकेपणा वाटत नाही.

परंतु वाचकहो, आज आम्ही ज्या स्थळाविषयी लिहीत आहो, ते प्रवासवर्णनांत क्वचितच आढळते. हुबळीच्या बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचे आवार आहे. हा संघ १९५७ साली स्थापन झाला. भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र घेऊन राष्ट्रध्वज तयार करणारी देशातील एकमेव संस्था म्हणून त्याची अनेक वर्षे ख्याती होती. सरकारी इमारतींवर फडकणारे निशाण येथून जाते, हे ऐकून आम्हांस कौतुक वाटले. पण आम्ही शिकलो ते काही वेगळेच.

ध्वजाचे कापड म्हणजे हातसुताची, हातमागावर विणलेली खादी. धारवाडजवळील गरग हे गाव ह्या विणकामासाठी प्रसिद्ध आहे. कापड रंगविले जाते, मापाने कापले जाते, पांढऱ्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी २४ आऱ्यांचे चक्र उमटविले जाते आणि मग शिवण होते. शिवणयंत्रांवर बहुतांश स्त्रियाच बसतात. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, ठरलेली मापे ९; त्यांतील सर्वांत लहान ध्वज मेजावर मावतो, तर सर्वांत मोठा २१ फूट लांब व १४ फूट रुंद असतो. रंग, सूत, शिवण, सर्व काही तपासले जाते आणि कसोटीस न उतरलेले कापड मागे ठेवले जाते. एका वस्तूसाठी किती जणांचे हात झिजतात!

आणि ती वस्तू जीर्ण झाल्यावर काय करावयाचे, हेही ठरलेले आहे. फाटलेला ध्वज उकिरड्यावर टाकू नये; एकांतात, सन्मानपूर्वक, शक्यतो अग्नीस देऊन त्याचा शेवट करावा, असे ध्वजसंहिता सांगते. घरात आणलेल्या वस्तूच्या शेवटाचाही विचार करावयाचा असतो, हा धडा आम्ही ह्या नियमावरून घेतला.

३० डिसेंबर २०२१ रोजी संहितेत बदल झाला आणि यंत्रावर विणलेल्या कापडाच्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांसही परवानगी मिळाली. स्वस्त ध्वज घरोघरी पोहोचले, हे खरेच. गरिबाच्या दारीही निशाण लागावे, ही इच्छा वाईट नव्हे. पण बेंगेरीच्या संघाने ह्या बदलास विरोध केला, कारण चरखा व माग ह्यांवर ज्यांची चूल पेटते त्यांच्या पोटाचा हा प्रश्न होता. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनते. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची, तेच हे द्रव्य धाग्याच्या रूपात असते. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून टाकण्याच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत प्लास्टिकचे झेंडेही होते. सुती कापड मातीत कुजून माती होते. पॉलिएस्टरची चिंधी मात्र टाकणाऱ्याच्या मागेही कित्येक वर्षे उरते.

ह्याच मुलखात जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक ठेवून, धावदोरा घालून पांघरुणे शिवतात. त्यांस कानडीत कौदी म्हणतात. आपली वाकळ किंवा गोधडी ती हीच. आजीच्या लुगड्याची ऊब नातवाला मिळते आणि टाकाऊ असे काही उरत नाही. आपल्या गावांतूनही हे होते. आता कपाटे भरून वाहतात, तरी सणाला नवे हवेच. कोपऱ्यात पिशव्यांत पिशव्या कोंबलेल्या असतात, आणि ओढ्याच्या काठी त्यांचाच ढीग साचतो. गरिबी गेली हे चांगले झाले. पण तिच्याबरोबर काटकसरही का जावी?

प्रभू येशूच्या अंगरख्याचे वर्णन संत योहानाने केले आहे. तो बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला होता. म्हणून क्रूसाखालच्या शिपायांनाही तो फाडावासा वाटला नाही. तो पवित्र मरियामातेने स्वहस्ते विणला, असे जुनी परंपरा सांगते. हाताने, मायेने केलेल्या वस्तूचा मान कठोर माणसासही राखावासा वाटतो. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लौदातो सी’ ह्या परिपत्रकात प्लास्टिकचा वापर टाळणे, गरजेपुरतेच रांधणे अशा लहान दैनंदिन कृतींस सृष्टीवरील प्रेमाचे स्थान दिले, तेही ह्याच भावनेने.

म्हणून आमची कुटुंबांस विनंती आहे. एखादी वस्तू घरात आणण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावे: ही कोणाच्या हातची, आणि हिचा शेवट कोठे होणार? बाजारास जाताना कापडी पिशवी न्यावी. धर्मग्रामाच्या सणाचे जेवण पत्रावळीवर वा धुऊन ठेवता येणाऱ्या ताटांत वाढावे. नाताळची गव्हाण माती, पेंढा व बांबूची करावी. सजावटीचा थर्माकोल तर २०२२ च्या बंदीतच आला आहे. आणि बेथलेहेमचा बाळ प्रत्यक्ष गवतावरच निजला होता. वापरात नसलेले धडके कपडे ट्रंकेत न साठविता, थंडी सुरू होण्यापूर्वीच ज्यास नाहीत त्यास द्यावेत. दोन अंगरखे बाळगणाऱ्यास बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने हेच सांगितले होते.

हुबळीस कधी जाणे झाले, तर पेढ्यांबरोबर खादीचा एखादा पंचा अवश्य आणावा. तो विरला की पायपुसणे होईल, त्यानंतर भांडी पुसण्याचे फडके होईल, आणि शेवटी परसातील मातीत मिसळून जाईल.