मोहोळ उठते तेव्हा

छत्रपती संभाजीनगरात बाहेरगावचे पाहुणे आले की यजमानांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी दौलताबाद आणि वेरूळ, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून अजिंठा. वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटरवर, अजिंठा शंभराच्या थोडे पुढे. कुटुंब जैन असेल तर कैलास लेणे पाहून झाल्यावर पावले उत्तरेच्या टोकाकडे, ३० ते ३४ क्रमांकांच्या लेण्यांकडे वळतात. इंद्रसभेत भगवान पार्श्वनाथ आणि बाहुबली यांचे दर्शन घडते. ज्यांच्या पायांत बळ असते ते वर डोंगरावर जाऊन शके ११५६ चा लेख असलेली पार्श्वनाथांची भव्य बैठी मूर्तीही पाहून येतात.

दुसऱ्या दिवशी अजिंठ्यात मात्र लेण्यांत शिरण्यापूर्वी एकदा मान वर करून पाहावे. वाघोरा नदीने नालाच्या आकारात कोरलेल्या त्या उभ्या कातळाला जागोजागी पुढे आलेल्या कडा आहेत. हंगाम असेल तर त्या कडांच्या खाली तपकिरी, काळसर पडदे लोंबताना दिसतात. लांबून ते ओलीचे डाग वाटतात. थोडा वेळ टक लावून पाहिले तर डागावरून एक लाट सरकत गेल्यासारखी दिसते, पुन्हा दुसरी, आणि मग ध्यानात येते की तो डाग जिवंत आहे. हीच आग्या मोहोळे.

आग्या माशी ही आपल्याकडील मधमाश्यांत आकाराने सर्वांत मोठी. ती पेटीत राहत नाही, ढोलीतही राहत नाही. उंच कडा, वडा-पिंपळाची फांदी, पाण्याची टाकी किंवा इमारतीचा सज्जा अशा उघड्या जागी ती एकच मोठे पोळे बांधते. पोळ्याची रुंदी मीटरभर किंवा त्याहूनही अधिक असू शकते, आणि एका वसाहतीत हजारोंच्या हजारो माश्या असतात. पोळ्याला भिंत नाही, दार नाही. म्हणून माश्याच एकमेकींना बिलगून त्यावर थरांचे आच्छादन करतात. गांधीलमाशी जवळ आली की आच्छादनातील माश्या एकामागून एक पोटाचा भाग उचलतात आणि ती लाट उमटते. शत्रूला गोंधळात टाकून परतवण्याची ही त्यांची पहिली रीत. डंख नंतरचा.

नंतरचा असण्यास कारण आहे. माशीच्या नांगीला उलटे काटे असतात. माणसाच्या कातडीत शिरलेली नांगी तिला मागे घेता येत नाही. विषाची पिशवी तुटून तिथेच राहते आणि माशी मरते. एका डंखाची किंमत एक जीव, आणि तो देणाऱ्या माशीला स्वतःची संततीही नसते. तुटलेल्या नांगीतून पिकलेल्या केळ्यासारखा वास दरवळतो. तो वास इतर माश्यांना इशारा देतो, आणि त्या त्याच जागी धाव घेतात. एक दगड, अत्तराचा भपकारा, शेकोटीचा धूर किंवा पोळ्यावर झडप घालणारी मोहोळघार एवढे निमित्त पुरते. घार पोळे फोडून निघून जाते. खाली उभ्या असलेल्या शाळेच्या सहलीला काय घडले ते कळतही नाही.

अजिंठ्यात असे प्रसंग पुन्हापुन्हा घडले आहेत. पर्यटक जखमी झाल्याच्या आणि दर्शनाचा मार्ग काही काळ थांबवावा लागल्याच्या बातम्या या जिल्ह्याला नव्या नाहीत. दौलताबादच्या किल्ल्यावरही मोहोळ उठले आहे. ज्यांच्या लहान मुलाच्या चेहऱ्यावर वीस-पंचवीस डंख बसले त्यांना कीटकशास्त्र ऐकवण्यात अर्थ नाही. त्यांचा प्रश्न सरळ असतो: ही पोळी जाळून का टाकत नाहीत?

त्याचे एक उत्तर चित्रांत आहे. अजिंठ्याच्या भिंतींनी माणसाचे उपाय पुष्कळ सोसले आहेत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी निजाम सरकारने दोन इटालियन तज्ज्ञांकडून चित्रे सांधून घेतली. हेतू चांगलाच होता, परंतु वर लावलेला लाखेचा लेप पुढे काळवंडत गेला. अशा ठिकाणी मशाली पेटवून काजळी उठवणे हा उपाय नव्हे. दुसरे उत्तर माश्यांच्या सवयीत आहे. आग्या माश्या फुलोऱ्यामागे स्थलांतर करतात. फुले संपली की पोळे सोडून दूर जातात आणि पुढच्या हंगामात परततात. भारतात झालेल्या एका जनुकीय अभ्यासात राण्या आपल्या जुन्याच जागी परत आल्याचे आढळले आहे. कडा तोच, वाटा त्याच. यंदा जाळलेल्या जागी पुढे दुसरे पोळे येणार नाही याची हमी कोण देणार? शिवाय याच माश्या कांद्याच्या बियाण्याच्या वाफ्यांत आणि सूर्यफुलाच्या शेतांत परागीकरण करतात. शेजारच्या जालन्यात बियाण्यांचा एवढा मोठा व्यवसाय आहे. तेथील शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

तिसरे उत्तर जैन वाचकाच्या घरातले आहे. मद्य आणि मांसाच्या जोडीने मधाचा त्याग हा श्रावकाच्या मूलगुणांत येतो, कारण पोळे पिळताना असंख्य जीव मरतात. मुंगी त्रींद्रिय, माशी चतुरिंद्रिय, हे पाठशाळेतील मूलही सांगते. मग डंख मारणाऱ्या जीवाशी गृहस्थाने कसे वागावे? मुनींसाठी बावीस परीषहांत दंशमशक परीषह सांगितला आहे, परंतु सहलीला आलेल्या मुलीने डंख शांतपणे सोसावेत असे कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. गृहस्थासाठी शास्त्राने हिंसेचे चार प्रकार वेगळे केले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. अंगावर आलेल्यापासून स्वतःचे किंवा आश्रिताचे रक्षण करताना घडते ती विरोधी. रात्री माश्या निजलेल्या असताना, कोणावरही न उठलेले मोहोळ ठरवून पेटवणे त्या सदरात कसे बसणार? त्यात संकल्प आहे. लोक हा भेद सहज विसरतात आणि प्रत्येक जाळपोळीला स्वरक्षण हे नाव देऊन मोकळे होतात.

मधुबिंदूचा दृष्टांत सर्वांनी ऐकलेला असतो. विहिरीत लोंबकळणारा माणूस, फांदी कुरतडणारे दोन उंदीर आणि जिभेवर पडणारा मधाचा थेंब. बहुतेकांच्या स्मरणात तो थेंब राहतो. त्या कथेत माश्याही आहेत आणि त्या माणसाला डसतातही. परंतु त्या आपणहून उठलेल्या नाहीत, हत्तीने झाड हलवले म्हणून उठल्या आहेत.

जेथे पोळे शाळेच्या दारावर किंवा रुग्णालयाच्या खिडकीशी असते, तेथे ते हलवावे लागते, हे मान्य केलेच पाहिजे. ते काम न जाळता होऊ शकते. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने आग्या मोहोळातील मध माश्या न मारता काढण्याचे प्रशिक्षण दिले आहे. संरक्षक पोशाख घालून केवळ मधाचा भाग कापायचा, अंडी-अळ्यांचा भाग तसाच राहू द्यायचा. त्याने मध श्रावकाला ग्राह्य होत नाही. परंतु मशालीवाचून पोळ्यापाशी जाता येते, एवढे सिद्ध होते.

सर्वत्र प्रश्न इतका सरळ नसतो. प्रशांत महासागरातील हवाई बेटांत १९९९ साली एक परकी आगमुंगी आढळली. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील, जेमतेम दीड मिलिमीटर लांबीची. ती झाडांवर राहते, फळे तोडणाऱ्याच्या मानेवर पडते आणि डसते. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांना इजा करते. अजिंठ्याची माशी त्या कड्याची मूळ रहिवासी आहे आणि तिथे गर्दी माणसाने केली. हवाईत मुंगीच उपरी आहे, आणि तिलाही माणसानेच आणले. बेटांवर ती मुख्यत्वे कुंड्या आणि रोपांबरोबर पसरते. तिथे विषारी आमिष टाळता येत नाही अशी वेळ येते, आणि अहिंसेचा विचार करणाऱ्यालाही त्यावर सोपे उत्तर सापडत नाही. पण तेथील लोक आणखी एक गोष्ट करतात. नवे रोप आणले की लाकडी काडीच्या टोकाला थोडे पीनट बटर लावून ती तासभर कुंडीत ठेवतात. मुंग्या असल्या तर काडीवर येतात आणि कुंडी बागेत जाण्यापूर्वीच कळते. आपल्याकडे याला यतना म्हणतात. लाखो मुंग्या मारण्याची वेळ त्या तासाभरात टळू शकते.

अजिंठ्यातील यतना याहून सोपी आहे. अत्तर आणि वासाचे तेल त्या दिवशी लावू नये. मोहोळाखाली ओरडू नये, टाळ्या वाजवू नयेत, फोटोसाठी दगड भिरकावून माश्या उडवणाऱ्या उत्साही मुलांना आवरावे. मोहोळ उठलेच तर हातवारे न करता उपरण्याने किंवा पदराने तोंड-डोके झाकून तिथून दूर पळावे, आणि बंद वाहन किंवा खोली गाठावी. पाण्यात उडी मारू नये. श्वासासाठी डोके वर काढावेच लागते. रुतलेली नांगी नखाने तत्काळ खरवडून काढावी, कारण तुटलेली पिशवी विष सोडतच राहते. ओठ-चेहरा सुजला, दम लागला, भोवळ आली किंवा डंख पुष्कळ असले तर घरगुती उपाय करत बसू नये. जवळचे रुग्णालय गाठावे. वयोवृद्धांच्या बाबतीत तर मुळीच वाट पाहू नये.

इंद्रसभेतील बाहुबलींच्या अंगावर वेली चढल्या आहेत, पायांशी नाग आणि हरिणे आहेत. समोर पार्श्वनाथांवर कमठाचा उपसर्ग कोरलेला आहे. वेरूळला हे पाहिलेली मुले दुसऱ्या दिवशी अजिंठ्याच्या कड्याखाली उभी असतात, तेव्हा आधी वर बोट दाखवून, मग ओठांवर बोट ठेवून त्यांना मोहोळ दाखवणारे आजोबा क्वचित भेटतात.

सायंकाळी लेणी बंद होतात. उतरत्या पायऱ्यांवरून गर्दी खाली येते, फर्दापूरच्या तिठ्याकडे जाणाऱ्या बस भरतात आणि वाघोऱ्याच्या घळीत शांतता पसरते. आग्या माश्या चांदण्या रात्रीही फुलांवर जातात. पौर्णिमेच्या आसपास त्या कड्यावरून त्यांची ये-जा माणसे गेल्यावरही चालू असते.